फळीपलीकडची झोप

लोणावळ्याच्या बाजारात आमच्या घरमालकांना 'डुलकी टेलर' म्हणत. त्या नावाचा मला तेव्हाही राग यायचा असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण यायचा नाही. चीनचं युद्ध होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, मी हायस्कूलमध्ये नुकताच शास्त्र शिकवायला लागलो होतो, लग्न व्हायचं होतं, आणि हसण्यासारखं जे काही मिळेल ते मला हवंच असायचं. राग आला तो पुष्कळ उशिरा. आला तो आजतागायत गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

त्यांचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत, पत्र्याचं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. त्यातली एक मला भाड्याने दिलेली. माझी खोली आणि त्या नवरा-बायकोची खोली यांच्यामधली भिंत म्हणजे उभ्या ठोकलेल्या फळ्या आणि त्यांवर खळीने चिकटवलेली जुनी वर्तमानपत्रं. ते मला मास्तर म्हणायचे आणि बाजार त्यांना मास्तर म्हणायचा, त्यामुळे दारात कुणी 'मास्तर' अशी हाक मारली की आम्ही दोघेही ओ द्यायचो. मी त्यांना भाऊ म्हणायचो, त्यांच्या बायकोला वहिनी.

भाऊ उंचीने बेताचे, अंगाने भरलेले, आणि मान इतकी आखूड की डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं. सगळ्या गावाच्या शर्टांना कॉलर लावणारा हा माणूस स्वतः मात्र बिनकॉलरचा सदरा घालायचा, त्याचंही वरचं बटण कधी लावायचा नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, गळ्याला काही लागलं की मला मरण दिसतं. उन्हाळा असो की हाडं गोठवणारी थंडी, गळा उघडाच. गळ्याला मफलर गुंडाळलेलं गिऱ्हाईक आलं तरी त्यांना गुदमरायला व्हायचं आणि ते त्याला आधी तो मफलर काढायला लावायचे.

दुसरं एक खूळ म्हणजे त्यांना आडवं होण्याचा तिटकारा होता. दुपारी बाजार सामसूम व्हायचा, शेजारचे वाणी, न्हावी आपापल्या दुकानात पथारी टाकायचे, तेव्हा भाऊ दुकानाच्या पायरीवर ताठ बसलेले. "माणसानं बसावं, चालावं, उभं ऱ्हावं. आडवं व्हायचं त्ये एकदाच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोकांना वाटायचं ते गंमत करतात.

आणि असा हा आडवं न होणारा माणूस दिवसभर पेंगायचा. पायमशीनवर बसला, पाय पायडलवर, हाताखाली खाकी कापड, की दोन मिनिटांत हनुवटी छातीवर. पाय मात्र चालूच. आश्चर्य म्हणजे शिवण बहुतेक वेळा सरळ जायची. बहुतेक वेळा. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या घाईत एकदा त्यांनी एका पोराच्या चड्डीचे दोन्ही पाय खालून एकमेकांना शिवून टाकले. बापाने ती चड्डी बाजारभर नाचवली. त्यावर वर्षभर विनोद झाले. जागं राहण्यासाठी ते दाढेखाली हिरवी मिरची धरायचे, तिचं देठ ओठांतून बाहेर आलेलं असायचं. मिरची दाढेखाली आणि डोळे मिटलेले, असं मी त्यांना कितीदा पाहिलं आहे. ज्या माणसाला तोंडात मिरची असताना झोप लागते त्याचं काहीतरी भयंकर बिनसलेलं आहे, हे समजायला पदवी लागत नाही. माझ्याजवळ पदवी होती, म्हणूनच बहुधा समजलं नाही.

एकानेच त्यांना बरोबर ओळखलं, आणि तो परका होता. देहूरोडच्या लष्करी डेपोतला एक हवालदार सासुरवाडीला आला होता. नव्या सदऱ्याचं माप द्यायला दुकानात उभा राहिला. भाऊंनी टेप त्याच्या छातीभोवती घेतली, आकडा बघायला वाकले, आणि त्याच्याच छातीवर डोकं टेकून झोपले. पायरीवर बसलेली माणसं खो खो हसायला लागली. मीही त्यात होतो. हवालदार हसला नाही. त्याने आम्हाला हाताने गप्प बसायची खूण केली आणि तो सावधानमध्ये उभा राहावा तसा उभा राहिला. भाऊंनी मोठा आचका देऊन डोळे उघडले आणि ओशाळून टेप सारखी करायला लागले. हवालदाराने विचारलं, "किती दिस झोपला न्हाई, भाऊ?"

भाऊंनी टेप खुंटीला टाकायची ती हातातच धरली. म्हणाले, "धा-बारा वर्सं झाली असतील." आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आम्ही रोज त्यांच्या पायरीवर बसणारे लोक, आमच्यापैकी एकानेही हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

खरं तर मला विचारायचीही गरज नव्हती. मला फळीतून ऐकू येत होतं. आडवं व्हायचं नाही म्हटलं तरी रात्री माणूस किती वेळ बसणार? भाऊ बसल्या जागी भिंतीला टेकायचे, मग घसरत घसरत अंथरुणावर यायचे, आणि पाठीवर पडले की घोरणं सुरू. फळ्यांवरचे कागद थरथरायचे म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. आणि मग एकदम बंद. अगदी बंद. काही वेळ काहीच नाही. मग पाण्यात बुडालेला माणूस वर यावा तसा घोगरा आवाज, धडपड, वहिनींच्या बांगड्या, आणि पुन्हा घोरणं सुरू. रात्रभर हेच. मी उशी डोक्यावर घेऊन त्यांना मनातल्या मनात शिव्या द्यायचो.

एका हिवाळ्यात वहिनींची आई आजारी पडली. त्यांना आठ दिवस माहेरी जावं लागलं. निघताना त्या माझ्या दाराशी आल्या, पदर सारखा करत म्हणाल्या की भावजी, एक काम सांगू का, यांचं घोरणं थांबलं आणि लवकर सुरू झालं नाही तर फळीवर थाप मारा. जोरात मारा. मी बरं म्हटलं. त्या आठ रात्री मी थापा मारल्या. घोरणं थांबलं की मनात आकडे मोजायचो. वीस, पंचवीस, कधी चाळीसच्या पुढे. मग तळहात फळीवर. पलीकडे आचका, श्वास, आणि पुन्हा सुरू. पहिल्या रात्री मी एवढ्या थापा मारल्या की सकाळी हात लाल झाला होता. त्याच आठवड्यात मी आठवीला श्वसनसंस्था शिकवत होतो. फळ्यावर फुप्फुसं काढली, श्वासनलिका काढली, प्राणवायू रक्तात कसा मिसळतो ते बाण काढून दाखवलं. घरी येऊन फळीवर थापा मारल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. वहिनी परत आल्या तेव्हा सुटलो बुवा एकदाचा, असं वाटून मी दुपारपर्यंत ताणून दिली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात भाऊ बदलले. आधी नुसते पेंगायचे, आता पेंगत नसले की खिन्न बसायचे. कापड पुढ्यात अंथरलेलं, खडूच्या खुणा केलेल्या, कात्री हातात, आणि कात्री टेकवायचा धीर होत नाही. गणवेशांचं काम त्यांनी परत पाठवून दिलं. जेवणावरची वासना गेली. कुणाच्या तरी मुलीचं पोलकं शिवताना मान खाली घालून रडताना मी त्यांना पाहिलं. मी विचारलं, काय झालं?

"मास्तर, दुख म्हनावं तर कायबी न्हाई मला," ते म्हणाले. "पोरगी चांगल्या घरात दिली. कुनाशी वाकडं न्हाई. पन सकाळी उठतो तवा घरात कुनीतरी मेल्यावानी वाटतं. कोन मेलं त्येच कळत न्हाई."

बाजाराकडे यावर सल्ले तयार होते. वाणी म्हणाला, कामात मन गुंतवा. न्हावी म्हणाला, एवढं झोपून झोपून माणूस सुस्तावतोच, पहाटे उठून भुशी डॅमपर्यंत चालत जा. कुणी म्हणालं, बाहेरचं असेल, बघून घ्या. मी म्हणालो की भाऊ, मनाचा निग्रह पाहिजे. हे वाक्य मी खरंच म्हणालो होतो. ज्या माणसाला रात्रीत कितीदा तरी बुडून वर यावं लागत होतं, त्याला मी खुर्चीत बसून निग्रह शिकवत होतो. वहिनी या सगळ्याला घाबरल्या आणि त्यांनी माझ्याकडून भाऊंच्या थोरल्या भावाला, आबांना, त्यांच्या गावी नवलाख उंबऱ्याला पत्र लिहून घेतलं. आबांचा निरोप आला की भातलावणी उरकली की येतो.

आता या दुखण्याला नाव आहे. पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या मेहुण्याला पुण्याच्या एका दवाखान्यात अंगाला तारा लावून रात्रभर निजवलं आणि सकाळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावून सांगितलं. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू घाबरून जागा करतो, श्वास सुरू होतो, पुन्हा घसा मिटतो. माणसाला सकाळी त्यातलं काही आठवत नाही. त्याला वाटतं आपण झोपलो, घरच्यांना वाटतं हा गाढ झोपला, आणि प्रत्यक्षात त्याला झोप म्हणून मिळालेलीच नसते. अशी वर्षं गेली की मनही हळूहळू विझतं, मग लोक मनावर औषध शोधत बसतात. बाई बोलत होत्या आणि मी फळी ऐकत होतो. त्या म्हणाल्या, काका, पाणी देऊ का?

पण मला जास्त चीड येते ती याची की भाऊंनी हे सगळं या डॉक्टरीणबाईंच्या कितीतरी आधी शोधून काढलं होतं. चौथीपर्यंत शिकलेल्या शिंप्याने, मशीनवर बसून. आबा यायच्या आधीच्या महिन्यात एका सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि एक बंडी दाखवली. जाड मांजरपाटाची, आणि पाठीवर बरोबर मधोमध उभा खिसा शिवलेला. खिशात दोऱ्याची तीन रिकामी लाकडी रिळं एकाखाली एक, वर टाके घालून बंद केलेली. मला वाटलं हे नवं खूळ. त्यांनी समजावलं.

"पाठीवर पडलो की गळ्याचं दार लागतं. कुशीवर उघडं ऱ्हातं. पन झोपंत मानूस पाठीवर येतोच की. आता आला तर रिळं टोचत्यात, की परत कुशीवर."

आणि ते खरं होतं. पहिल्या दोन रात्री टोचून टोचून हैराण झाले, मग अंग शिकलं. घोरणं हलकं झालं, मधले खंड कमी झाले. माझी मलाच जाग येऊ लागली की आज एवढं शांत कसं. चार-सहा दिवसांनी भाऊ दुकानात शीळ घालताना दिसले. मिरची बंद. एका बैठकीत त्यांनी सहा चड्ड्या बेतल्या आणि कापल्या. वहिनी मला म्हणाल्या, भावजी, काल त्यांनी मला दोनदा भाजी मागितली. दोन आठवडे, फार तर अडीच, त्या घरात एक बरा झालेला माणूस राहत होता.

मग आबा आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. धाकट्या भावावर त्यांचा जीव होता आणि पत्रातल्या मजकुराने ते हादरलेले होते. तो मजकूर माझाच, मी तो चांगला परिणामकारक लिहिला होता. आबा रात्री तिथेच राहिले, आणि पहाटे त्यांनी भावाच्या पाठीला बांधलेली लाकडं पाहिली. त्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला. शहाणा माणूस पाठीला लाकडं बांधून निजतो का? दुपारी ते बाजारातल्या डॉक्टरांना घेऊन आले. दुकानातच बैठक झाली. डॉक्टर खुर्चीवर, आबा आणि मी बाकावर, भाऊ मशीनच्या स्टुलावर, बंडी कटिंगच्या टेबलावर ठेवलेली. वहिनी आतल्या दारात. ठरवायचं होतं ते एवढंच की दुकान बंद करून भाऊंना गावी न्यायचं की नाही.

डॉक्टरांनी विचारलं, काय होतं? भाऊ म्हणाले, झोप लागत नाही. मग रडू का येतं? झोप लागत नाही म्हणून. डॉक्टर समजूतदारपणे हसले आणि म्हणाले की उलट आहे, मन उदास आहे म्हणून तुम्हाला तसं वाटतं. मग ते माझ्याकडे वळले. मी शेजारी राहणारा, शिकलेला, शास्त्राचा शिक्षक. म्हणाले, तुम्ही सांगा, झोपतात का हे?

तिथे मला विनोद सुचला. डॉक्टरांसमोर आपण चटपटीत दिसावं असं वाटलं असेल, दुसरं काही कारण मला आजही सापडत नाही. मी म्हणालो, "झोपतात का? रात्रभर मालगाडी घाट चढत असते."

डॉक्टर मोठ्याने हसले. आबाही हसले, सुटल्यासारखे. भाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग खाली कात्रणं पडली होती तिकडे पाहत बसले. वहिनी दारातून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं मी पुढे बोलेन. थापांचं सांगेन, आकड्यांचं सांगेन. मी बोलत नाही हे पाहून त्या स्वतःच बोलल्या. "श्वास बंद पडतो त्यांचा. मी हलवलं म्हंजी सुरू व्हतो."

"बाई," डॉक्टर म्हणाले, "श्वास बंद पडला तर माणूस मरतो. घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो." आणि मी, हिवाळ्यात आठ रात्री फळीवर थापा मारणारा, आठवीला फुप्फुसं काढून दाखवणारा, मान डोलावली.

त्या काळी हे कुणालाच माहीत नव्हतं, असं मला लोक सांगतात. कबूल. पण माहीत नसणं वेगळं आणि समोर सांगणाऱ्याला गप्प करणं वेगळं. त्या दुकानात दोन माणसांना सगळं माहीत होतं. त्यातल्या एकाला वेडा ठरवलं होतं आणि दुसरी बाई होती. विचारलं मला, कारण मी शिकलेला. डॉक्टरांनी रात्रीसाठी गुंगीच्या गोळ्या लिहून दिल्या, बंडी बंद करायला सांगितली, गावची मोकळी हवा सांगितली, आणि जाता जाता म्हणाले, छान सरळ पाठीवर निजवा. पुण्याच्या त्या डॉक्टरीणबाईंना मी ही चिठ्ठी तोंडी सांगितली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. असला घसा असलेल्या माणसाला गुंगीचं औषध आणि वर पाठीवर निजवणं, याहून वाईट काही लिहिता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी आली. मशीन सुताच्या दोरीने बांधून गाडीत चढवली, भाऊ तिच्याजवळ बसले. मला म्हणाले, खोलीत राहा, पावसाळ्यात पश्चिमेचा पत्रा गळतो तेवढं बघा. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या आधी निरोप आला. मी तेराव्याला नवलाख उंबऱ्याला गेलो. अंगणात माणसं बसली होती. आबा मला पाहून उठले, हाताला धरून बसवलं आणि म्हणाले, "लय पुन्यवान मानूस. झोपंत ग्येला. हूं न्हाई का चूं न्हाई."

मी आत वहिनींना भेटायला गेलो. त्या चुलीपासल्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या घरात रीत अशी की पुरुष सगळे बाहेर पडवीत निजायचे आणि बायका आत. लोणावळ्याच्या खोलीत त्या नवऱ्याच्या शेजारी असायच्या. इथे मध्ये दार होतं, आणि दारापलीकडे दीर, पुतणे, चुलतसासरे ओळीने निजलेले. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, मला दोनदा पुढे वाकावं लागलं.

"घोरनं थांबल्यालं मला ऐकू आलं, भावजी. मी उठून बसले. पन भाएर समदे बाप्ये, रातच्याला कशी जाऊ? म्हनलं कुनीतरी हलवंल. म्हनलं आता सुरू व्हईल. बसून ऱ्हायले."

मी बाहेर आलो तो पेटूनच. सगळ्यांदेखत आबांना म्हणालो की पुण्यवान कसले, तुम्ही त्यांना मारलंत. ते झोपेत गेले नाहीत, त्यांना झोप कधी मिळालीच नाही, ते गुदमरून गेले. बंडी तुम्ही काढून घेतलीत. बायकोला त्यांच्याजवळून उठवून आत नेऊन निजवलंत. ती सांगत होती, तुम्ही एकाने तिचं ऐकलं नाही. अंगणातली माणसं उठून उभी राहिली.

आबा उठले नाहीत. त्यांनी मला बोलून घेऊ दिलं. मग डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मास्तर, आमी अडानी मानसं. डाक्टरनी त्या दिशी आमाला इचारलंच न्हाई, तुमाला इचारलं. तुमी म्हनालात का रातभर मालगाडी चालती, म्हून आमी गप ऱ्हायलो."

दोष द्यायचा म्हणून ते बोलले नव्हते. त्यांना ते खरंच तसं आठवत होतं.